दम्यावर लघवीच्या औषधाची वाफ : कल्पना खरी, उपचार नव्हे



गेल्या हिवाळ्यात आंबेगावच्या पश्चिम भागातून एक शेतकरी दादा वडिलांना घेऊन ओपीडीत आले. बाबांना धाप लागत होती. बसायच्या आधीच दादांनी मोबाईल पुढे केला.

"डॉक्टर, हे बघा. लघवीचं औषध वाफेतून घेतलं की दमा थांबतो, असं आलंय. परदेशात देतात म्हणे. आमच्या बाबांना तर ते लागू पडतंच. मागे दम भरला तेव्हा एका ठिकाणी शिरेतून तेच इंजेक्शन दिलं. तासाभरात भरपूर लघवी झाली आणि छाती मोकळी झाली. मग वाफेचं मशीन घरीच घेऊ का?"

प्रश्न अगदी रास्त होता. मोबाईलवर आलेली माहितीही पूर्ण खोटी नव्हती. म्हणूनच तिच्यावर सविस्तर लिहायला हवे, असे वाटले. निव्वळ थाप असेल तर 'विश्वास ठेवू नका' एवढे सांगून भागते. अर्धी खरी गोष्ट जास्त घोटाळा करते.

हे औषध कोणते?

औषधाचे नाव फ्युरोसेमाइड. लॅसिक्स या नावाने ते घरोघरी माहीत आहे. आपल्याकडे त्याला 'लघवीची गोळी', 'पाण्याची गोळी' किंवा 'सूज उतरवायची गोळी' म्हणतात. १९६० च्या दशकापासून ते जगभर वापरात आहे.

मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये मीठ परत रक्तात ओढून घेणारी एक यंत्रणा असते. फ्युरोसेमाइड ती अडवते. मीठ लघवीतून बाहेर पडते आणि मिठाच्या मागे पाणीही जाते. हृदय कमजोर झाल्यामुळे फुफ्फुसात पाणी साठले असेल, तर हेच औषध शिरेतून दिल्यावर रुग्ण थोड्याच वेळात सुटकेचा श्वास घेतो. हृदयविकारात ते फार उपयोगी औषध आहे, यात शंका नाही.

मग त्याचा दम्याशी संबंध कुठून आला?

१९८८ सालची एक चांगली कल्पना

१९८८ साली इटलीतल्या बियांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. काही दमेकऱ्यांना पळल्यावर, श्रम केल्यावर दम लागतो. अशा रुग्णांना श्रमाच्या आधी फ्युरोसेमाइडची वाफ दिली, तर श्वासनळ्या आवळण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. पुढच्याच वर्षी त्याच गटाने अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिले की, ॲलर्जीचा पदार्थ हुंगवल्यावर येणारा दमाही या वाफेने रोखला जातो.

डॉक्टरांच्या जगात यावर बरेच कुतूहल निर्माण झाले. पुढची दहा-पंधरा वर्षे अनेक देशांत अभ्यास झाले. थंड कोरडी हवा, श्रम, ॲलर्जी, सल्फाइटसारखी रसायने, धुक्यासारखे पाण्याचे तुषार, अशा निरनिराळ्या गोष्टींनी दमा 'चेतवून' पाहिला. या बहुतेक प्रकारांत आधी घेतलेली फ्युरोसेमाइडची वाफ श्वासनळ्यांचे काही काळ रक्षण करते, असे दिसले.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल. पौषात पहाटे उसाला पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या छातीत शिरते ती थंड हवा. आषाढ-श्रावणात भीमाशंकर, आहुपे, माळशेज या पट्ट्यात दिवसचे दिवस हटत नाही ते धुके. प्रयोगशाळेत यंत्राने जे तयार केले, ते आपल्याकडे निसर्ग फुकट देतो.

मग ते काम कसे करते? 'पाणी काढून' नव्हे!

इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. लोकांना वाटते, दम्यात छातीत पाणी किंवा कफ भरतो आणि लघवीचे औषध ते पाणी खेचून काढते. दम्यात असे होत नाही.

दम्यात श्वासनळ्यांच्या अस्तराला कायमची सूज असते. ही सूज पायाच्या सुजेसारखी पाण्याची नसते. ती दाहाची असते, डोळे आल्यावर पापण्या आतून लाल होतात तशी. अशा नळ्या चटकन चिडतात. चिडल्या की भोवतीचा स्नायू आवळतो, चिकट कफ सुटतो आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो.

श्वासनळीच्या अस्तरावर खारट पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो. आपण थंड, कोरडी हवा भराभर घेतली की या थरातले पाणी उडून जाते आणि मिठाचे प्रमाण वाढते. दाट धुके आत गेले की उलट होते, थर पातळ होतो आणि मीठ कमी पडते. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. दमेकऱ्याच्या नळीतल्या पेशी मात्र हा फरक सहन करू शकत नाहीत. त्या हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि नळी आवळते. फ्युरोसेमाइडची वाफ या पेशींना आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना थोडे शांत ठेवत असावी, असे मानले जाते.

याला दोन चांगले आधार आहेत. एक, हेच औषध तोंडाने घेतल्यावर लघवी होते, पण असे संरक्षण मिळत नाही. दुसरा, बुमेटानाइड हे त्याच कुळातले अधिक जोरदार लघवीचे औषध वाफेतून दिले, तर ते फ्युरोसेमाइडसारखे काम करत नाही. लघवी होण्याचा आणि दमा थांबण्याचा संबंध असता, तर हे उलटे दिसायला हवे होते.

म्हणून, 'लघवीची गोळी घेतली तर दमा कमी होईल' हा निष्कर्ष या संशोधनातून निघत नाही. उलट, नुसत्या गोळीने दम्याला फायदा होत नाही, हेच त्यातून दिसते.

कल्पना चांगली, मग उपचार का झाला नाही?

माझ्या मते याची चार कारणे आहेत.

पहिले, ही वाफ दमा येण्याआधी घेतली तर थोडे रक्षण करते. आवळलेली नळी ती उघडत नाही. सालब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत नळी मोकळी करतो. रात्री दोन वाजता दम भरलेल्या माणसाला नळी उघडणारे औषध हवे असते.

दुसरे, परिणाम थोडे तास टिकतो. रोजच्या आयुष्यात दिवसातून चार-पाच वेळा मशीनसमोर कोण बसणार? शेतात, बाजारात, शाळेत ते जमणारे नाही.

तिसरे, दम्याचा जोराचा झटका आलेल्या रुग्णांना दवाखान्यात सालब्युटामॉलसोबत फ्युरोसेमाइडची वाफ देऊनही पाहिली गेली. हे अभ्यास छोटे होते. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही. इतक्या वर्षांत ठाम असे काही हाती लागले नाही. दम्यासाठी जगभर जिचा आधार घेतला जातो, ती 'जिना' ही मार्गदर्शिका हा उपचार सुचवत नाही.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, तोपर्यंत त्याहून चांगले औषध आलेले होते. वाफेने म्हणजे पंपाने घ्यायचे स्टिरॉइड. बेक्लोमेथासोन १९७२ पासून बाजारात आहे, पुढे बुडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन आले. ते दाहाच्या मुळाशी काम करते. फ्युरोसेमाइड तसे करत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. "औषध स्वस्त आणि जुने आहे, कंपनीला त्यात नफा नाही, म्हणून ते दाबले गेले." यात थोडे तथ्य आहे. जुन्या औषधांवर मोठे अभ्यास करायला पैसा मिळत नाही, ही खरी अडचण आहे आणि सरकारी संशोधन संस्थांनी तो खर्च उचलला पाहिजे, असे मलाही वाटते. पण इथे अभ्यास झालेच नाहीत असे नाही. ते अनेक देशांत झाले, उघडपणे छापले गेले आणि त्यांची उत्तरे जुळली नाहीत. 'दाबले गेले' आणि 'पुरेसे चालले नाही' यांत फरक करायला शिकले पाहिजे.

घरी करून पाहू नका

फ्युरोसेमाइडचे जे इंजेक्शन मिळते, ते शिरेतून किंवा स्नायूतून देण्यासाठी बनवलेले असते, वाफेसाठी नव्हे. ते अल्कधर्मी असते. वाफेच्या मशीनमध्ये घालायची नेहमीची औषधे आम्लधर्मी असतात. दोन्ही एकत्र केली तर द्रावण गढूळ होऊन औषध खाली बसू शकते.

औषधाचा काही भाग रक्तातही जातो. फ्युरोसेमाइडने शरीरातले पोटॅशियम कमी होते. सालब्युटामॉलनेही ते कमी होते, स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही होते. तिन्ही एकत्र आली की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात आधीच घाम गाळून पाणी कमी झालेल्या माणसाचा रक्तदाब पडू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना तर याचा प्रयोग करूच नये.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे वेळ जाण्याचा. घरी वाफ घेत बसलेल्या माणसाची दवाखान्यात पोहोचण्याची वेळ निघून जाते.

एखाद्या मोठ्या रुग्णालयात, ऑक्सिजन, सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम, स्टिरॉइड आणि मॅग्नेशियम हे सगळे देऊन झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर काही करून पाहिले, तर तो वेगळा विषय. ते रुग्णाने मागायचे किंवा घरी करायचे औषध नाही.

बाबांना मग गुण का आला?

आता पुन्हा आपल्या दादांच्या वडिलांकडे येऊ. त्यांना लॅसिक्सने खरोखर गुण आला होता. दादा खोटे बोलत नव्हते.

मी बाबांना विचारले, "रात्री आडवे झोपता येते का?" ते म्हणाले, "नाही डॉक्टर, दोन-तीन उश्या लागतात. कधी कधी मध्यरात्री उठून दारात बसतो." पायावर बोटाने दाबले तर खळगा पडत होता. त्यांना दम लागायला लागला तो साठीनंतर. ईसीजी आणि टूडी इको केले. हृदयाचा जोर कमी झालेला निघाला.

बाबांना दमा नव्हता. हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडत होते, म्हणून फुफ्फुसात पाणी साठत होते. ते पाणी लॅसिक्सने काढले म्हणून छाती मोकळी झाली. त्यांना फ्युरोसेमाइडची गोळी आणि हृदयाची इतर औषधे सुरू केली. वाफेची गरजच नव्हती.

आपल्याकडे 'दमा' हा शब्द फार मोठा आहे. चार वेगवेगळे आजार त्याच्या पोटात बसतात.

एक, खरा दमा. बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. येतो आणि जातो, मधले दिवस माणूस अगदी बरा असतो. रात्री-पहाटे खोकला, छातीत शिट्टी, सर्दी-शिंका, घरात आणखी कोणाला तरी तसाच त्रास.

दोन, धुराने झालेला फुफ्फुसाचा आजार, ज्याला सीओपीडी म्हणतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, तसाच तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या आजीलाही होतो. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये हा आजार किती मोठा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते. यात धाप हळूहळू वाढत जाते आणि पूर्ण मोकळे असे दिवस राहत नाहीत.

तीन, हृदयविकार. बाबांना होता तो. तरुण बाईला गरोदरपणात धाप लागत असेल, तर हृदयाची झडप आकसलेली नाही ना, हेही पाहावे लागते. तिलाही लोक 'बाळंतपणात दमा झाला' म्हणतात.

चार, रक्त फार कमी असणे किंवा मूत्रपिंड निकामी होणे. यातही धाप लागते.

चौघांचे औषध वेगळे. म्हणून 'त्याला अमुक लागू पडले' हे ऐकून आपणही ते घेणे धोक्याचे आहे. आधी आपल्याला नक्की काय झाले आहे, ते विचारा. फुंकर मारायची स्पायरोमेट्रीची तपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, हिमोग्लोबिन यांतून बरेचसे उलगडते.

आणि खरा दमा होता तो दादांनाच

बाबांची तपासणी सुरू असताना मुलगा सारखा खोकत होता. विचारले तर म्हणाले, "मला काय नाही हो. लहानपणापासूनचं आहे. बराखीत कांदा भरायला लागलो की सुरू होतं, पाऊस लागला की वाढतं. एक बारीक गोळी घेतो, बसतं."

ती बारीक गोळी सालब्युटामॉलची होती. वर्षानुवर्षे. जोडीला, जास्त झाले की गावात एक इंजेक्शन. पंप दोन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिला होता. "पंपाची सवय लागते म्हणतात, म्हणून कपाटात ठेवलाय."

वडिलांसाठी नवे औषध शोधत आलेल्या या माणसाचे खरे, जुने, खात्रीचे औषध कपाटात पडून होते. मला या लेखातून जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे.

दमा चेतवणाऱ्या गोष्टींची आपल्याकडे वाण नाही. बराखीतल्या कांद्याची काळी बुरशी, पोल्ट्रीतली धूळ, ऊस तुटून गेल्यावर पेटवलेले पाचट, गुऱ्हाळाचा धूर, पश्चिमेकडे भातासाठी भाजलेले राब, चुलीचा धूर, आणि रात्री उशाशी लावलेली डासांची कॉइल. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले होते. हे सगळे आपण एका दिवसात बंद करू शकत नाही. पण बराखीत शिरताना नाका-तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावणे, कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरणे आणि पाचट न जाळता रानातच कुजवणे, हे हातातले आहे.

पंपाची भीती महाग पडते

२०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३.४ कोटी रुग्ण आहेत. जगातल्या दर १०० दमेकऱ्यांत १३ भारतीय. पण दम्याने मरणाऱ्या दर १०० माणसांत ४० हून अधिक भारतीय. आपला दमा काही वेगळ्या जातीचा नाही. मला यामागे मोठे कारण दिसते ते हे की, रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप आपण घेत नाही.

तो घेतला तर काय होते? कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या नोंदी तपासून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्टिरॉइडच्या पंपाचा प्रत्येक जादा डबा वापरला, तसा दम्याने मृत्यू होण्याचा दर सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेला. फ्युरोसेमाइडच्या वाफेबद्दल असे काही कोणीही दाखवलेले नाही.

पंपाबद्दल नेहमीचे तीन प्रश्न.

*सवय लागते का?* नाही. चष्मा लावल्याने चष्म्याची सवय लागत नाही. नजर कमी असते म्हणून तो लागतो. तसेच हे.

*स्टिरॉइड वाईट ना?* वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये, आणि पंपाचे औषध थेट नळीत जाते. आवाज बसणे किंवा तोंडात बुरशी येणे एवढा त्रास होऊ शकतो. पंपानंतर चूळ भरली की तो बराचसा टळतो.

*दम लागेल तेव्हाच घेतला तर?* नळी उघडणारा सालब्युटामॉल तेवढा वेळ भागवतो, आतला दाह तसाच राहतो. म्हणूनच 'जिना'ने २०१९ पासून स्पष्ट सांगितले की, मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी एकट्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नये. स्टिरॉइड सोबत हवेच. तुमच्या पिशवीत फक्त सालब्युटामॉलची गोळी किंवा पंप असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे जरूर विचारा. पंपाच्या रंगावर जाऊ नका, त्यावरचे औषधाचे नाव वाचून घ्या.

पंप नुसता तोंडात मारला तर बरेचसे औषध घशातच बसते. म्हणून स्पेसर वापरा. तो परवडत नसेल तर तेही अडू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडून, कडा चिकटवून बंद केल्या, तर ती बाटली दम्याचा झटका आलेल्या मुलांमध्ये विकतच्या स्पेसरइतकीच चांगली चालते. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळवून घ्या.

झटका आला तर

सालब्युटामॉलचा पंप स्पेसरला लावून एकेक करून चार फवारे घ्या. दर फवाऱ्यानंतर चार-पाच श्वास. २० मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा चार, आणि त्याच वेळी निघायची तयारी करा. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर झाले, मूल दूध पिईना, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जातात, किंवा रुग्ण झोपाळल्यासारखा झाला, तर अजिबात वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. आहुपे, तळेघर किंवा मढच्या बाजूने घोडेगाव, मंचर, जुन्नरला पोहोचायला वेळ लागतो, तोही पावसात जास्त. म्हणून तुम्ही शहरातल्या माणसापेक्षा लवकर निघायला हवे. वाटेतही फवारे चालू ठेवा.

माझे मत

फ्युरोसेमाइडच्या वाफेने दम्याचे शास्त्र थोडे पुढे नेले. श्वासनळीतल्या मिठा-पाण्याच्या बारीक हिशेबाकडे तिने लक्ष वेधले. संशोधकांनी त्यावर पुढे काम करावे, मला आनंदच होईल. पण जुन्नर-आंबेगावला आज नव्या वाफेची गरज नाही. गरज आहे ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बुडेसोनाइडसारख्या पंपाची, स्पेसरची आणि तो कसा घ्यायचा हे पाच मिनिटे बसून दाखवणाऱ्या माणसाची. बुडेसोनाइड आणि सालब्युटामॉल ही दोन्ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती आपल्या केंद्रात मिळावीत, ही मागणी ग्रामसभेत करता येते. रस्त्याची आणि पाण्याची करतो, तशी.

दादा आता सकाळ-संध्याकाळ पंप घेतात. मागच्या महिन्यात बाबांच्या गोळ्या न्यायला आले तेव्हा म्हणाले, "यंदा बराखी भरली, पण इंजेक्शन नाही लागलं." मशीन त्यांनी घेतले नाही.

तुमच्याही कपाटात एखादा पंप पडून असेल, तर त्याची मुदत तपासा आणि तो घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. "मी कसा घेतो ते बघा," असे म्हणून त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. चालू असलेली औषधे, विशेषतः हृदयाची आणि दम्याची, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद किंवा सुरू करू नका.)